गाणं आणि शिकवणी, दोन्ही एकाच गळ्यावर कसं चालवायचं?

सूरभेट:

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचनमात्र होते, आज पहिला धागा काढतेय, सांभाळून घ्या.

मी गाते. मैफली, लहानमोठे कार्यक्रम, अधूनमधून कोरसचं रेकॉर्डिंग. नोकरी सोडून पूर्णवेळ हेच करायचं असं ठरवून हिशेब मांडायला बसले, तर नुसत्या कार्यक्रमांवर घर चालत नाही, शिकवण्या धरल्या तर चालतं. म्हणून शिकवण्या वाढवल्या. आता संध्याकाळी एक विद्यार्थी उठतो तोच दुसरा दारात उभा. शेवटचा जाईपर्यंत माझा आवाज खरखरायला लागतो, आणि दुसऱ्या दिवशी कार्यक्रम असला की तार षड्जाला, म्हणजे वरच्या 'सा'ला, हात लावायची भीती वाटते.

एका ज्येष्ठ गायकांनी तर ऐकवलंच, "शिकवायला लागलीस ना, आता गाणं विसर." खरंच असं असतं का? दोन्ही नीट चालवणारे इथे कोणी आहेत का? शिवाय शिकवायला पदवी लागते का, आणि फीचा विषय काढताना जीभ अडखळते त्याचं काय करायचं, तेही सांगा.

---

गणिती गवई:

फीचं मी सांगतो, गळ्याचं जाणकार सांगतील.

फी तासाची ठेवू नका, महिन्याची ठेवा आणि आगाऊ घ्या. तुम्ही विकताय ती ठरलेल्या वारची ठरलेली वेळ. विद्यार्थी आला नाही तरी ती वेळ तुम्ही त्याच्यासाठी राखून ठेवलेलीच असते. चोवीस तास आधी कळवलं तर वर्ग बदलून मिळेल, नंतर कळवलं तर बुडाला. हे पहिल्याच दिवशी लिहून हातात द्या. जीभ अडखळते म्हणता ना, मग कागदाला बोलू द्या. तुमच्या कार्यक्रमामुळे वर्ग रद्द झाला तर भरपाईचा वर्ग तुम्ही द्यायचा, तेही त्याच कागदावर असू द्या. नियम दोन्ही बाजूंनी असला की कोणी कुरकुरत नाही.

रेकॉर्डिंगला जाल तेव्हा आवाज कुठे वापरणार, किती काळ वापरणार, नाव येणार की नाही आणि पैसे कधी मिळणार हे गाण्याआधी मेसेजवर तरी लेखी घ्या. एकदा टेक ओके झाला की फोन उचलायला कोणाला वेळ नसतो. आणि मानधन महिनोन्‌महिने अडकतं, म्हणून घरखर्च शिकवणीवर बसवायचा, कार्यक्रमाचे पैसे वरकड धरायचे. तसं जमतंय असं दिसल्यावरच राजीनामा द्या.

---

खर्जवाला:

त्या ज्येष्ठांशी सहमत. दिवसभर कच्चा सूर ऐकून कान बोथट होतो. "चालेल" म्हणायची सवय लागते आणि एक दिवस स्वतःच्या गाण्यालाही आपण "चालेल" म्हणतो. गायचं असेल तर गा. पोटासाठी दुसरं काहीही करा, हिशेब लिहा, पण शिकवू नका.

---

जुनी पेटी:

अगं सूरभेट, "अहो" म्हणायला मला जमत नाही, चालवून घे. तुझ्याएवढ्या मुली माझ्याकडे शिकवायचं शिकायला येतात, त्यांना जे सांगते तेच तुला सांगते.

वर्गात तू किती गातेस? एक अख्खा तास फोनवर रेकॉर्ड कर आणि रात्री ऐक. तो किती गायला, तू किती गायलीस. बहुतेक जणींचं असंच असतं: विद्यार्थी चुकला, गाऊन दाखवलं. परत चुकला, परत दाखवलं, आता जरा मोठ्याने. तरी येईना, मग त्याच्याबरोबर गायचं, आधार म्हणून. त्याला आधार मिळतो खरा, पण आपण गात असलो की त्याचा सूर आपल्याला नीट ऐकूच येत नाही. म्हणजे फी ज्या कामाची घेतो, ते ऐकण्याचं काम बाजूलाच राहतं. शिकवण्याने गळा जात नाही गं, गाऊन गाऊन शिकवण्याने जातो.

बाई बोलते तेव्हा स्वरतंतू सेकंदाला साधारण २०० वेळा एकमेकांवर आपटतात. तासातला अर्धा वेळ तू नुसती बोललीस, तरी साडेतीन लाखांच्या वर आपटे झाले. गाताना सूर चढेल तसा आकडा चढतो, पेटी ज्या ४४० हर्ट्झला जुळवतात त्या सुराला सेकंदाला ४४०. हा आपटा मैफलीतला आणि हा शिकवणीतला, असा भेद त्या तंतूंना करता येत नाही. दोन्ही धंद्यांचं भांडवल एकच आहे.

मग करायचं काय? नवीन जागा एकदा दाखवायची, हलक्या आवाजात पण नेमक्या सुरात. पुढे पेटीवर सूर धरून त्याला गाऊ द्यायचं. चुकला की "चुकलं" म्हणून लगेच दुरुस्त करायचं नाही. विचारायचं, "वर होतास की खाली?" पहिले काही आठवडे तो अंदाजपंचे उत्तर देईल. देऊ दे. नंतर विचारायच्या आधीच त्याचा चेहरा सांगतो. सूर चढा आहे की उतरा हे हाताच्या खुणेने दाखव, तोंडाने कशाला? पलटे (सरावाच्या स्वररचना) आणि बंदिशी सकाळच्या ताज्या आवाजात एकदाच नीट रेकॉर्ड करून ठेव आणि सगळ्यांना तेच पाठव. घोटून घ्यायचं काम रेकॉर्डिंगने करावं.

आणि एक सवय असेल तर आजपासून बंद: विद्यार्थी कसा चिरकला याची नक्कल करून दाखवणं. वर्ग हसतो, मजा येते, पण तसा ताणलेला आवाज काढायला तुलाही गळा तसाच ताणावा लागतो.

पट्टीचंही बघ, म्हणजे पेटीच्या कोणत्या पट्टीला आपला 'सा' धरून गातो ते. तुझी पट्टी काळी चार धरली आणि समोर काळी एकचा पुरुष बसला, तर त्याच्या पट्टीत दाखवताना एक तर तू खर्जात, म्हणजे अगदी खालच्या सुरांत, घासतेस, नाही तर नको तेवढी वर जातेस. असे विद्यार्थी पेटीवर शिकव. बायका-पुरुषांचा एकत्र वर्ग तर घेऊच नकोस. मधली पट्टी काढली की कोणाचाच आवाज धड लागत नाही.

वर्गांच्या मध्ये दहा मिनिटं सोड आणि त्यात गप्प बस. फोन घेऊ नकोस, आईबापांशी गप्पा नकोत (त्या गप्पाच जास्त दमवतात, माझं ठाम मत आहे). कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी वर्ग नाही. स्वतःचा रियाज वर्गांच्या आधी, कारण संध्याकाळच्या उरल्यासुरल्या आवाजावर रियाज होत नाही, नुसती घासाघीस होते. खोलीतला पंखा किंवा एसी घरघरत असेल तर तो आधी दुरुस्त कर. गोंगाटात माणूस नकळत मोठ्याने बोलतो. लोम्बार्ड नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १९११ मध्ये हे लिहून ठेवलं, त्याच्याच नावाने तो परिणाम ओळखतात. तुझ्या लक्षातही येणार नाही, पण रोज काही तास तू त्या पंख्याशी भांडत असशील.

आता खर्जवाले. मानुएल गार्सियाचं नाव तुम्ही ऐकलं असेल. जन्म १८०५, ऑपेरात गायचा. विशीतच आवाज ताणला गेला, रंगमंच सोडला आणि शिक्षक झाला. १८५४ मध्ये दोन आरसे आणि सूर्यप्रकाश यांच्या मदतीने त्याने स्वतःचं गातं स्वरयंत्र पाहिलं आणि पुढच्या वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे ते मांडलं. गळ्याचे डॉक्टर पुढे आरसा वापरायला लागले ते त्यानंतर. हे काम कोण्या डॉक्टरने नाही, गाणं शिकवणाऱ्याने केलं! तुम्ही म्हणाल, बघा, गाणं गेलंच ना त्याचं. गेलं, पण आधी गाणं गेलं, शिकवणं नंतर आलं. १८४१ मध्ये येनी लिंड त्याच्याकडे आली. स्वीडनची नावाजलेली गायिका, पण गाऊन गाऊन आवाज पार थकलेला. त्याने सहा आठवडे गाणं बंद करायला सांगितलं, बोलणंसुद्धा कमीत कमी, आणि मगच शिकवायला घेतलं. पुढे तिने युरोप आणि अमेरिका गाजवली. आता सांगा, तो गार्सिया दिवसभर ऐकून ऐकून बोथट झालेल्या कानाचा होता?

"चालेल" म्हणायची सवय लागते, हे मात्र तुमचं बरोबर आहे. त्यावर मला सापडलेला उपाय एकच: स्वतःला कोणी तरी "नाही चालणार" म्हणणारं हवं. सूरभेट, शिकवायला लागलीस तरी तुझं स्वतःचं शिकणं सोडू नकोस. पैसे कमी पडले की पहिली काट तिथेच लागते, ती लावू नकोस.

पदवीचं म्हणशील तर शाळा-कॉलेजात नोकरी हवी असेल तिथे लागते. घरी शिकवायला कोणी प्रमाणपत्र मागत नाही. कोणाकडे शिकलात आणि तुमचे विद्यार्थी कसे गातात, एवढंच विचारतात.

---

कंठस्थ:

मी वाचा-उपचारतज्ज्ञ आहे. माझ्याकडे येणाऱ्यांत शिक्षक आणि गायक भरपूर असतात, दोन्ही असलेले त्याहून लवकर येतात.

पेटीताईंना अनुमोदन. माझी थोडी भर. खरखर रात्रभराच्या विश्रांतीने जात असेल तर तो थकवा समजा. तीन-चार आठवडे टिकली, किंवा गाताना एकाएकी आवाज गेला, तर घरगुती उपाय पुरे, कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा. शक्यतो स्ट्रोबोस्कोपी करणारे बघा. त्यात लुकलुकत्या प्रकाशामुळे तंतूंची हालचाल संथ झाल्यासारखी दिसते, साध्या दुर्बिणीत जे निसटतं ते सापडतं. तंतूंवर गाठी दिसल्या म्हणून घाबरू नका. त्या बहुधा व्हॉइस थेरपीने कमी होतात, सुरी पहिल्याच दिवशी निघत नाही.

आवाज बसला की लोक कुजबुजतात. जोर लावून कुजबुजण्याने बहुतेकांचा गळा आणखी ताणला जातो. त्यापेक्षा हळू पण खऱ्या आवाजात बोला, किंवा बोलूच नका. सारखं खाकरणंही तसंच, तो तंतूंना मारलेला फटका आहे. पाण्याचा घोट गिळा. मात्र गिळलेलं पाणी अन्ननलिकेतून जातं, स्वरतंतूंना लागत नाही. शरीरातून ओलावा पोचायला वेळ लागतो, म्हणून पाणी दिवसभर थोडं थोडं प्यायचं, स्टेजवर चढताना घटाघटा पिऊन फायदा नाही. वाफ थेट पोचते. कार्यक्रमाच्या दिवशी अंग दुखतं म्हणून अ‍ॅस्पिरिन घेऊ नका, त्याने तंतूंत रक्तस्राव व्हायची शक्यता वाढते. डॉक्टरांनी हृदयासाठी दिली असेल तर अर्थात आपल्या मनाने बंदही करू नका.

वर्गाआधी आणि नंतर बारीक स्ट्रॉ ओठात धरून तिच्यातून सूर काढा, खालून वर, वरून खाली. तोंडाची वाट अरुंद झाली की आतल्या दाबामुळे तंतू कमी जोराने आपटतात. नाकातून गेला तर उपयोग नाही, आवाज स्ट्रॉमधूनच यायला हवा.

---

सूरभेट:

सगळ्यांचे मनापासून आभार. गणिती दादा, कागद तयार केला, उद्यापासून देणार.

पेटीताई, एक अडचण. या आठवड्यात मी मुद्दाम कमी गायले, तर एका मुलीची आई म्हणाली, "ताई, तुम्ही गातच नाही, नुसती पेटी वाजवता." आता? आणि काही विद्यार्थी ऑनलाइन आहेत. तिथे पेटीही धड ऐकू जात नाही, मग गावंच लागतं.

---

जुनी पेटी:

त्या आईचं चुकलं नाही. तिला गाणं ऐकायचं आहे, पेटी नाही. तासाच्या शेवटी पाच मिनिटं राखून ठेव आणि एक चीज, म्हणजे बंदिश, पूर्ण गा, मन लावून, समोर मैफल आहे असं समजून. तासभर गळा राखला तो त्याचसाठी. पोरं त्या पाच मिनिटांत जे उचलतात ते तासभर तुकडे ऐकून उचलत नाहीत. तिला तुझ्या पुढच्या कार्यक्रमालाही बोलाव. आणि मुलीचं पहिल्या महिन्यातलं आणि आत्ताचं गाणं एकामागोमाग ऐकव, वाद तिथेच मिटेल. म्हणून सांगते, प्रत्येकाचं पहिल्या दिवशीचं गाणं रेकॉर्ड करून ठेवत जा.

ऑनलाइनला आवाज उशिरा पोचतो, त्यामुळे दोघांनी एकदम गायचा प्रश्नच नाही. तू ठेका धरलास तर तो तिकडे मागेच पडणार. तानपुरा त्याने त्याच्या बाजूला लावायचा, तू तुझ्या बाजूला लावलास तर सूर तुटत तुटत जातो. तो गाताना तू माइक बंद ठेव, म्हणजे गुणगुणायचा मोहही होत नाही. पेटी ऐकू जात नाही त्याचं कारण बहुधा वेगळंच आहे. ही ॲप माणसाच्या बोलण्यासाठी बनवलेली, लांब धरलेला सूर त्यांना गोंगाट वाटतो आणि ती तो कापून टाकतात. झूममध्ये "ओरिजिनल साउंड" असं सेटिंग आहे, ते दोघांनीही चालू करायचं आणि हेडफोन लावायचे. तुझ्याकडे झूम नसेल तर तुझ्या ॲपमध्ये गोंगाट कमी करायचं जे बटण असेल ते शोधून बंद कर. करून बघ आणि इथे कळव.