शब्दचर्चा : ‘लिली’ म्हणजे नेमकं कुठलं फूल?

गच्चीवरची (गंगापूर रोड) : सासूबाईंची लिली म्हणजे पहिली सर पडली की कुंडीभर उगवणारी गुलाबी चांदणी. नर्सरीवाल्याची लिली म्हणजे लाल-केशरी कर्णा. आणि फुलवाल्याकडे गुच्छात असते ती घमघमणारी तिसरीच. मी नर्सरीतून गड्डा आणला, व्हिडिओत बघून चांगला सहा इंच खोल पुरला. दोन उन्हाळे गेले, नुसती पानं. मराठीत या तिघींना वेगळी नावं नाहीत का?

कांदेवाला (निफाड) : ताई, नावाचं मास्तर सांगतील, मी गड्ड्याचं सांगतो. जरा माती उकरा. कांद्यासारखी कागदी साल दिसली तर ती लिली नाहीच. ते हिप्पीअ‍ॅस्ट्रम, नर्सरीत अमॅरिलिस म्हणतात. आजच्या वर्गीकरणात ते आणि आपला कांदा एकाच कुळातले, थट्टा नाही. (म्हणून चाखायला जाऊ नका, विषारी आहे.) काढणीला कांद्याची पात आडवी झाली की आपण ‘माना पडल्या’ म्हणतो ना, तीच मान याचीही, गड्ड्यातून पानं निघतात तिथली. ती मातीच्या वर पाहिजे, गड्ड्याचा वरचा तिसरा हिस्सा उघडा. कुंडीत नुसती काळी माती भरली असेल तर पाणी धरून गड्डा सडतो, वाळू नि शेणखत मिसळा.

गुच्छातली, ती खरी लिली. तिच्या गड्ड्याला साल नसते, सुटे खवले असतात, लसणाच्या पाकळ्या एकीवर एक चिकटवल्यासारखे. ती खोल लावायची, कारण मातीत गाडलेल्या दांड्यालाही मुळं फुटतात. तुम्ही एकीचं औषध दुसरीला दिलंत.

निवृत्त मास्तर : ‘लिली’ हे मराठीत झाडाचं नाव राहिलेलंच नाही, ते फुलाच्या घडणीचं नाव झालंय. सहा पाकळ्या, मध्ये सहा लांब केसर, की झाली लिली. त्या सहाही खरं तर पाकळ्या नव्हेत. कळी असताना बघा, बाहेरच्या तिघी आतल्या तिघींचं पांघरूण असतात. पुस्तकात म्हणून ‘परिदल’ हा शब्द येतो. बोलताना कोणी वापरणार नाही, मीही नाही.

गंमत अशी, की खऱ्या लिलीची जवळची नातलग आपल्या कुंपणावर पावसाळ्यात चढते आणि तिला आपण लिली म्हणत नाही. ती कळलावी. पाकळ्या वर उलटलेल्या, कडा नागमोडी, आधी हिरवट-पिवळ्या, मग केशरी, मग लाल. घरात आणली की कळ लागते, म्हणजे भांडण होतं, म्हणून हे नाव, असं एक सांगतात. दुसरे म्हणतात कळ म्हणजे बाळंतकळ. संस्कृतात लांगली, कारण तिचा कंद नांगरासारखा वाकडा. (तोही विषारी.) तिला मराठी नाव आहे, संस्कृत नाव आहे, आणि लिलीपण मात्र परक्यांना.

पंचवटीची माहेरवाशीण : स्पायडर लिली नि नागदवणा एकच ना हो? आमच्याकडे दोन्हीला एकच म्हणतात.

निवृत्त मास्तर : नाही बाई. फुलात डोकावा. केसरांच्या बुडाशी पांढरी पातळ वाटी दिसली तर स्पायडर लिली. वाटी नसेल, केसर सुटे असतील, तर नागदवणा. आणि ताई, सासूबाईंची ती रेन लिली. तिला आमच्या आळीत कोणी नावच ठेवलं नाही, ‘पावसाची’ एवढंच म्हणायचे.

अजून एक, मगाशी कोणी ‘कुंडी उमलली’ लिहिलंय. फूल उमलतं, झाड फुलतं, बाग बहरते. कुंडी उमलत नाही.

कांदेवाला : मास्तर, ते मीच लिहिलं होतं, खोडलं.

गच्चीवरची : आज उकरलं. साल आहे, अगदी कांद्यासारखी, आणि मानेपाशी बोटभर मऊ पडलंय. तेवढं कापून, हळद लावून सावलीत वाळत ठेवलाय. सासूबाई म्हणाल्या, कांदाच लावला असतास तर निदान भाजी झाली असती.