मदत हवी आहे: लष्करातून मुक्ततेचा शेरा बदलून पुन्हा भरती

न्यू जर्सीत वाढलेला माझा मुलगा २०२१ मध्ये अमेरिकी लष्करातून 'जनरल' (पूर्ण सन्माननीयपेक्षा एक पायरी खालच्या) या वर्गाने मुक्त झाला आणि त्याच्या डीडी-२१४ या सेवामुक्ती प्रमाणपत्राच्या २७ व्या रकान्यात आरई-४ हा पुनर्भरतीची वाट अडवणारा संकेत आला. आरई-३ असता, तर भरती अधिकाऱ्यामार्फत सवलत तरी मागता आली असती. त्याला मनापासून पुन्हा गणवेश घालायचा आहे. १५ वर्षांची मुदत असलेला २९३ क्रमांकाचा अर्ज मुक्ततेचा फेरविचार करणाऱ्या डिस्चार्ज रिव्ह्यू बोर्डाकडे आधी करावा, की १४९ क्रमांकाचा अर्ज थेट लष्करी नोंदींतील चुका सुधारणाऱ्या नोंददुरुस्ती मंडळाकडे करावा? दुसऱ्याची ३ वर्षांची मुदत उलटली आहे. न्यायहितासाठी विलंब माफ होऊ शकतो, परंतु त्यासाठी कोणते पुरावे खरोखर उपयोगी पडले, हे या वाटेने गेलेल्यांनी कृपया सांगावे. त्याच्या वरिष्ठांची दोन पत्रे आमच्याकडे आहेत.