नाताळ जवळ आला की तुम्हाला काय होतं? (अनुभव लिहा)

शेवगावची_पोर

काल सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज पडला. २४ तारखेला क्लबहाउसमध्ये 'ख्रिसमस धमाका', डीजे, लहान मुलांना गिफ्ट. खाली मला टॅग करून, 'तुम्ही ख्रिश्चन ना, मग तुमचे मिस्टर सँटा होतील का? पोट आहेच त्यांना.' मिस्टरांचं पोट हा स्वतंत्र धागा होईल. पण ते वाचलं आणि एकदम शेवगावच्या घराची ओसरी डोळ्यांपुढे आली, भाजी करपली.

माझे पप्पा पाळक, म्हणजे चर्चचे पास्टर होते. नगर जिल्ह्यात, शेवगाव-नेवाशाकडच्या खेड्यांतून. लोकांना वाटतं, पाळकाच्या घरचा नाताळ म्हणजे काय थाट असेल! थाट होता, फक्त पप्पा नसायचे. २४च्या रात्री मंडळीतली पोरं ढोलकी-झांजा घेऊन गाणी म्हणत घरोघर फिरायची, दारोदार चहा, पहाटे परत. सकाळची उपासना संपते न संपते तोच पप्पा एम-८०ला किक मारून पुढच्या गावाला. तिथून त्याच्या पुढच्या. प्रत्येक गावाचं एकच म्हणणं, पाळकसाहेब आमच्याकडे नाताळच्या दिवशीच आले पाहिजेत. रात्री घरी यायचे तेव्हा आमची जेवणं उरकलेली, रश्श्यावर चरबीचा थर धरलेला. पिशवीत मात्र घराघरांतल्या करंज्या. गाडीवर आपटून सगळ्यांचा एकच चुरा. आम्ही बहिणी तो परातीत ओतून ओळखत बसायचो, हे भाजलेलं खोबरं अमक्या गावचं, ही खसखस तमक्या काकूंची. मम्मी काही बोलायची नाही. तिची नवी साडी दुपारीच घडी होऊन कपाटात गेलेली असायची.

(हो, करंज्याच. आमच्याकडे नाताळचा फराळ म्हणजे करंज्या, चकल्या, शंकरपाळे, अनारसे. प्लम केक मी पुण्याला आल्यावर पहिल्यांदा खाल्ला. हे ऑफिसात कुणाला पटत नाही.)

आता माझ्या घरी झाड आहे, लायटिंग आहे, नवरा दिवसभर घरात. तरी दुपारी तीनच्या सुमाराला मला उगाच चिडचिड सुरू होते. आणि पप्पा गेलेत वगैरे नाही हां, ठणठणीत आहेत! रिटायर झालेत. मागच्या नाताळला फोन केला तर म्हणाले, "दिवस फार मोठा झालाय गं आता."

तुमचं काय? ख्रिश्चन असण्याची अट नाही.

चिवडापोहे

मी. मेंढी. कॉन्व्हेंटमध्ये दर डिसेंबरला येशूजन्माचं नाटक आणि त्यात मी दर वर्षी मेंढी. अंगाला कापूस चिकटवायच्या, फेविकॉलने, मग ती खाज! मेरी कोण होणार हे जूनमध्येच ठरलेलं असायचं. वर्गात सगळ्यात गोरी मुलगी. आमच्या वर्गात तीन खऱ्या ख्रिश्चन मुली होत्या, तिघी सावळ्या, तिघी मेंढपाळ. तेव्हा कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही, टीचर स्वतः मंगलोरच्या, सावळ्याच. तरी कॅरल कानावर पडले की मी अजून खूश होते आणि मानेला खाजही सुटते.

तिसऱ्या_मजल्यावरून

@चिवडापोहे हसून हसून कुकरची शिट्टी मोजायची राहिली. मी खांब होते. नाटकात. गोठ्याचा खांब.

हिंजवडीग्रस्त

आमच्यात नाताळ म्हणजे कोड फ्रीझ, सॉफ्टवेअरमध्ये नवे बदल बंद. क्लायंट १९-२० तारखेपासून गायब, त्याचं 'हॅपी हॉलिडेज'चं ऑटोरिप्लाय येतं आणि ऑफिसात एवढी शांतता पसरते की एसीचा आवाज ऐकू येतो. मनापासून आवडतं. अडचण अशी की ते सुट्टीवर जाताना त्यांची सिस्टीम आमच्या गळ्यात बांधून जातात. त्यांचा दुकानदारीचा धंदा, त्यामुळे वर्षातला सगळ्यात जास्त लोड नेमका याच दिवसांत. पंचवीसच्या पहाटे तीनला फोन वाजला की समोरचा आधी 'सॉरी इट्स ख्रिसमस' म्हणतो. त्याला वाटतं माझा सण बुडतोय. दिवाळीच्या पाडव्याला मात्र हाच माणूस कॉल लावतो आणि सॉरीचं नाव नाही. झाड वगैरे रिसेप्शनला असतं, त्याच्याखालचे गिफ्ट बॉक्स रिकामे. मी उचलून बघितलेत.

कुपारी_वाडीतून

वसईवरून. आमचा नाताळ बाहेरच्यांनी बघितला तर गोंधळतात. मिस्सा (चर्चची उपासना) मराठीत, गाणी मराठीत, आजीचं लुगडं लालभडक, आणि पोर्तुगीज जाऊन तर १७३९ पासून जमाना झाला. येशूजन्माच्या देखाव्याचा गोठा करायला पोरं महिनाभर राबतात, आळीआळीत चढाओढ. 

नाताळ आला की माझ्या मनात जे मिश्र वगैरे होतं ते असं की आमची फुलांची वाडी होती. २४ला भाव चांगला मिळायचा म्हणून डॅडी पहाटेच्या लोकलने टोपल्या घेऊन दादरला. घरी आलं की आंघोळ करून थेट मिस्साला. पटांगणात थंडीत उभ्याउभ्या पेंगायचे, आई कोपर मारायची. आता वाडी नाही. म्हणजे जमिनीवर बिल्डिंग आहे, आम्हालाही त्यात फ्लॅट आहे, तक्रार कुठल्या तोंडाने करायची? चुलत भावंडं बरीचशी कॅनडात. चोवीसच्या रात्री व्हिडिओ कॉल होतो, ते तिकडे सकाळचे कॉफी पितायत आणि आम्ही नवे कपडे घालून बसलोय. आजी स्क्रीनला हात लावून आशीर्वाद देते, त्यात दरवेळी कॉल कट होतो.

रुची_म्हणते

@कुपारी_वाडीतून फुगे, ते तळलेले गोल, करता का हो घरी? माझी शेजारीण होती वसईची, ती द्यायची. रेसिपी द्या ना प्लीज.

निशिगंध७

मला एक कळत नाही, आपल्या मुलांना मार्गशीर्ष, दत्तजयंती माहीत नाही आणि सँटा बरा माहीत असतो. २५ला तुळशीपूजन करा असा मेसेज फिरतोय, मला पटला. राग नको.

तिसऱ्या_मजल्यावरून

@निशिगंध७ राग कशाला? आमच्याकडे दोन्ही चालतं आणि खरी पंचाईत तिथेच होते. मार्गशीर्षातला गुरुवार, सासूबाईंचा घट मांडलेला, आणि त्याच दिवशी शेजारच्या डिसोझा आंटी केक घेऊन दारात. सासूबाई हसून घेतात, आत येऊन मला डोळ्यांनी विचारतात, 'अंडं?' मी मान डोलावते. मग तो केक ताटाखाली झाकून फ्रिजवर, शुक्रवारची वाट बघत. शुक्रवारी सकाळी पहिला तुकडा सासूबाईच घेतात, चहात बुडवून. आणि तुळस रोजच आहे की हो बाल्कनीत. तिला काय एकच दिवस पाणी घालायचं?

निशिगंध७

हा हा. चहात बुडवून बरा लागतो केक. ते मान्य.

महाडवाला

आमच्या घरी २५ डिसेंबर म्हणजे मनुस्मृती दहन. १९२७ साली बाबासाहेबांनी महाडला केलं तो दिवस. बाबा न चुकता आम्हाला महाडच्या क्रांतिस्तंभाला घेऊन जायचे, अजून जातो. शाळा पनवेलला, मित्र सगळे 'नाताळची सुट्टी, कुठे जाणार?' विचारायचे. महाड म्हटलं की, 'महाडला काय आहे?' सहावीतल्या पोराने काय आणि किती सांगायचं. मी म्हणायचो मामाकडे चाललोय.

आता गंमत बघा, महाड मुंबई-गोवा हायवेवर. त्यामुळे त्या दिवशी रस्ता तुंबलेला. आमच्या जीपवर निळा झेंडा, शेजारच्या गाडीत सँटाच्या टोप्या, बियरचे क्रेट, गोव्याला निघालेले. माणगावला तासभर एकाच जागी. एकदा तसल्याच एका गाडीतल्या मुलीने काच खाली करून माझ्या पोरीला टोपी दिली. पोरगी ती घालूनच स्तंभापाशी गेली. आमची आत्या भडकली, बाबा म्हणाले, असू दे, ऊन लागणार नाही. फोटो आहे. एका हातात झेंडा, डोक्यावर लाल टोपी. व्हॉट्सॲपला डीपी ठेवला तर दोन्हीकडून शिव्या खाईन म्हणून ठेवत नाही.

शेवगावची_पोर

@महाडवाला दादा, तुमचे बाबा भारी आहेत. हे वाचून बराच वेळ काही सुचलं नाही. जय भीम.

मडगांवकार

त्या गोव्याला निघालेल्या गाड्या येतात ना, त्या आमच्याकडे येतात. डिसेंबरचा शेवटचा आठवडा गोवेकर घरातून बाहेर पडत नाही, दूधसुद्धा आदल्या दिवशी आणून ठेवतो. कळंगुटच्या बाजूला तर जाणंच नको.

पण मूळ मुद्दा. आम्ही हिंदू, शेजार सगळा कॅथलिक. चवथीला आमच्याकडून नेवऱ्या (करंज्या) जायच्या, नाताळाला त्यांच्याकडून कुसवाराचं, म्हणजे नाताळच्या गोडधोडाचं ताट यायचं, वर क्रोशाचा रुमाल. आजी ताटाची वाटणी करायची. दोदोल चालतं, तांदळाचं पीठ, नारळाचं दूध आणि गूळ, बाट कशाचाच नाही. बेबिंकाला अंड्याचे बलक लागतात, सबब ती 'मुलांनी बाहेर जाऊन खावी'. बाहेर म्हणजे पोरसात (परसात), माडाखाली. त्यामुळे माझ्या लेखी बेबिंका हा चोरून खायचा पदार्थ आहे. आता पणजीत दुकानात कुठेही मिळते, टेबलावर बसून बायकोसमोर खातो, तितकीशी लागत नाही. शेजारचं घर बंद आहे, सगळे पोर्तुगालचा पासपोर्ट काढून लंडनकडे. अंगणात नखेत्र, नाताळचा चांदणीचा कंदील, लावायला कोणी नाही. मागच्या साली आमच्या चिरंजीवाने आमच्याच बाल्कनीत लावलं. आजी असती तर... काय म्हणाली असती नक्की नाही सांगता येत.

डोंबिवलीचे_आजोबा

मुलांनो छान लिहिताय. आमच्या काळी केक कुकरमध्ये व्हायचा. शिट्टी काढायची, तळाला वाळू. वाळू समोरच्या बांधकामावरून. आमची ही चाळून, धुऊन, वाळवून बरणीत भरून ठेवायची आणि बरणीवर चिठ्ठी 'केकची वाळू'. पाहुण्यांनी एकदा साखर समजून... असो. टुटीफ्रुटी म्हणजे कच्ची पपई हेही आम्हाला फार उशिरा कळले.

हिंजवडीग्रस्त

आजोबा, 'असो' नाही चालणार. पाहुण्यांचं काय झालं??

लंडनची_सिस्टर

नाइटवरून येताना बसमध्ये लिहितेय, चुका गोड मानून घ्या.

इथे वॉर्डात अलिखित करार आहे. तुला दिवाळीला सुट्टी हवी? मग ख्रिसमसला ड्युटी घे. एक केरळची आहे, ती चर्चवाली, तिला त्या दिवशी ड्युटी नकोच असते. मी आणि एक सोमाली मुलगी, आम्ही दोघी कायम पंचवीसला. पगार जादा मिळतो, खोटं कशाला बोलू. पण त्या दिवशी ट्यूब बंद, ट्रेन बंद. टॅक्सीने जायचं नाहीतर आदल्या रात्री हॉस्पिटलजवळच्या मैत्रिणीकडे मुक्काम. चारच्या आत अंधार. 

वॉर्डात जे उरतात ते उरलेलेच. ज्यांना घरी पाठवता येतं त्यांना चोवीसपर्यंत पाठवून दिलेलं असतं. एक नव्वदीच्या आजी होत्या, मुलगा ऑस्ट्रेलियात. जेवणाबरोबर क्रॅकर मिळतो, दोघांनी दोन बाजूंनी ओढायचा, फट् होतं, आतून कागदी मुकुट निघतो. आजींच्या हाताला कॅन्युला, जोर लागेना. मी त्यांच्या मुठीवर मूठ धरून दुसऱ्या हाताने माझ्याकडून ओढला, म्हणजे मीच दोन्हीकडून. मुकुट जांभळा निघाला. मी घातला नाही म्हणून रुसल्या, मग मलाही घालावा लागला आणि तसाच डोक्यावर ठेवून मी औषधांची राउंड केली. तीन वाजता टीव्हीवर राजाचं भाषण लागलं तर आजी म्हणतात, आवाज बंद कर त्याचा, आईचं बरं असायचं.

घरी आले तर आमच्याकडे धुंधुरमासाचा फोटो! पुण्याच्या आईने पाठवलेला. मुगाची खिचडी, बाजरीची भाकरी, लोणी, वांग्याची भाजी. तिची उगवतीची जेवणं आणि माझी झोपायची वेळ एकच. फ्रोझन पराठा खाऊन झोपले.

चिवडापोहे

अगं सिस्टर, रडवलंस आणि वांग्याची भाजी आठवून भूकही लागली. काय करू आता अकरा वाजता?

आखेनचा_विद्यार्थी

जर्मनीतल्या नवीन पोरांसाठी: २४ला दुपारी दोनपर्यंत दुकानं बंद होतात, मग २५, २६ सगळं ठप्प, आणि रविवार जोडून आला तर संपलंच. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. हॉस्टेल रिकामं, मेस बंद, माझ्याकडे तांदूळ आणि केचप. ख्रिसमस मार्केट म्हणाल तर महिनाभर फिरून ग्लूवाइन (गरम मसालेदार वाइन) पिऊन फोटो टाकले होते, घरच्यांना वाटलं पोरगा मजेत. तेही चोवीसच्या आधीच उठलं. शेवटी खालच्या मजल्यावरच्या इराणी पोराने दार वाजवलं, मीठ आहे का विचारायला. त्याच्याकडे मसूर होती. माझ्याकडे आईचा गोडा मसाला. बाकी काय सांगू.

रुची_म्हणते

आखेनकर, गोडा मसाला मसुरीत?? बरा लागतो?

@कुपारी_वाडीतून फुगे राहिले हो.

कुपारी_वाडीतून

आले आले. मिस्टरांना डबा देत होते. अंदाजाने सांगते, आमच्यात मापं नसतात. मैदा, अंडी, नारळाचं दूध, थोडी साखर, मीठ. जुन्या बायका फुगायला ताडी घालायच्या. पीठ सैलसर, हाताने खालून वर आपटत भरपूर फेटायचं, दंड भरून आले पाहिजेत. मग झाकून ठेवायचं. तळताना डाव्या मुठीत पीठ घेऊन मूठ आवळायची, अंगठ्याजवळून गोळा वर येतो, तो ओल्या बोटांनी तोडून तेलात सोडायचा. आपोआप उलटतो. इंद्याळाबरोबर (डुकराच्या मटणाचा रस्सा) खा. ज्यांचं वर्ज्य असेल त्यांनी नुसत्या चहाबरोबर.

रुची_म्हणते

ताडी ठाण्यात कुठे मिळेल आता? यीस्ट चालेल? किती?

डोंबिवलीचे_आजोबा

ताडीचे मी सांगू शकतो पण नातू वाचतोय. पाहुण्यांनी वाळू चहात घातली. दोन चमचे. विरघळेना म्हणून ढवळत बसले बिचारे.

हिंजवडीग्रस्त

आजोबा 😂😂 फोन ठेवतो, कॉल आहे.

कुपारी_वाडीतून

@रुची_म्हणते यीस्ट चालेल, अर्धा किलोला एक लहान चमचा, कोमट दुधात भिजवून. जमले नाहीत तर मला मेसेज करा, माझी नणंद ठाण्यालाच असते, ती ऑर्डर घेते.