क्रिएटिनिन १.१ म्हणजे सगळे आलबेल?

‘रक्तातले क्रिएटिनिन १.१ आले, म्हणजे मूत्रपिंडे ठणठणीत’ असे वर एकांनी लिहिले आहे, त्याच्याशी मी पूर्णपणे सहमत नाही. भरपूर पाणी पिण्याचा त्यांचा सल्ला निरोगी माणसासाठी योग्यच आहे. क्रिएटिनिन हा टाकाऊ पदार्थ मात्र स्नायूंतून तयार होतो, मूत्रपिंडे तो रक्तातून गाळून टाकतात आणि त्यांची राखीव क्षमता मोठी असते. त्यामुळे जवळजवळ निम्मे काम थंडावले तरी हा आकडा पुष्कळदा छापील मर्यादेतच राहतो. तोच १.१ हा आकडा तीस वर्षांच्या पुरुषाच्या बाबतीत मूत्रपिंडांचा रक्त गाळण्याचा वेग (eGFR, मिनिटाला मिलिलिटरमध्ये) नव्वदच्या वर दाखवतो, तर सत्तर वर्षांच्या बाईच्या बाबतीत तो वेग जेमतेम ५४ भरतो. आणि साठच्या खालचा वेग तीन महिने टिकला तर तो दीर्घकालीन विकार मानला जातो.

माझ्या आईचे नेमके असेच झाले. मधुमेह बारा वर्षांचा, रक्ताचे अहवाल दरवर्षी ‘नॉर्मल’, आणि आम्ही निर्धास्त. नव्या डॉक्टरांनी सकाळच्या लघवीतील अल्ब्युमिन (रक्तातले एक प्रथिन) आणि क्रिएटिनिन यांचे गुणोत्तर तपासायला सांगितले (चाचणी साधीच, उपाशी राहायचीही गरज नाही), तेव्हा ते तीसच्या (मिलिग्रॅम प्रति ग्रॅम) आत असायला हवे होते, ते १४० निघाले. प्रथिने झिरपू लागल्याचे लघवीने सांगितले, रक्ताने नव्हे. त्यानंतर रक्तदाबाचे औषध बदलले आणि गुडघेदुखीसाठी ती परस्पर आणून घेत असलेल्या वेदनाशामक गोळ्या बंद झाल्या. मधुमेह किंवा रक्तदाब असणाऱ्यांनी वर्षातून एकदा रक्तातले क्रिएटिनिन आणि लघवीतले हे गुणोत्तर या दोन्ही चाचण्या सोबतच कराव्यात.