कुत्र्याचे पेपर म्हणजे तब्येतीची हमी नव्हे
'पेपरवालं पिल्लू (म्हणजे जातीच्या नोंदणीचा कागद असलेलं कुत्र्याचं पिल्लू) घेतलं की आजारांची कटकट नाही' असं कुणीतरी लिहिलेलं वाचलं, ते पटलं नाही. त्या कागदावर मुख्यतः वंशावळ असते. हाडं, हृदय, डोळे कसे आहेत हे त्यावरून कळत नाही.

ठिपकेवाल्या डाल्मेशियन जातीचंच बघा. युरिक अ‍ॅसिडचं विघटन नीट न होण्याचा जनुकीय दोष या जातीत इतका पक्का बसला होता की शुद्ध रक्तात निर्दोष कुत्रा सापडेना. त्यातून मुतखड्यांचा त्रास, विशेषतः नरांना. १९७३ मध्ये रॉबर्ट शायबल या अमेरिकन जनुकशास्त्रज्ञाने डाल्मेशियनचा पॉइंटर या दुसऱ्या जातीच्या कुत्र्याशी एकदाच संकर केला आणि पुढच्या पिढ्या पुन्हा डाल्मेशियनशीच जुळवल्या. ठिपके राहिले, दोष गेला. तरी अमेरिकन केनल क्लबने (कुत्र्यांच्या जातींची नोंदणी करणारी संस्था) त्या वंशाला दार उघडलं ते २०११ मध्ये! शुद्धतेचा हट्ट, दुसरं काय.

लॅब्रेडॉर किंवा जर्मन शेफर्ड घेणार असाल तर आईबाप दोघांच्या खुब्याचे एक्स-रे मागा. ब्रीडर टाळाटाळ करत असेल तर सरळ उठा. पिल्लाची आई दाखवत नसेल तरीही.

पगचं घोरणं 'क्यूट' वाटतं, पण बऱ्याचदा ती श्वासासाठीची धडपड असते.

आणि हो, 'मादीला एकदा तरी पिल्लं व्हायलाच हवीत' हा सल्लाही दिसला. अशी कुठलीही वैद्यकीय गरज नसते. उलट नसबंदीने गर्भाशयात पू होण्याचा धोका जवळपास संपतो. वय आणि जात बघून वेळ व्हेटनेच ठरवावी.