जुळे सोलापुरातील व्यापारी संकुलात रॅम्प नाही : महापालिकेकडे तक्रार कशी लिहावी?

हिशेबनीस

नमस्कार. मी चाटी गल्लीतील एका कापड दुकानाचे हिशेब लिहिते. लहानपणीच्या पोलिओमुळे मला चालता येत नाही. घराबाहेर तीनचाकी स्कूटर आणि तिच्यावरून उतरल्यावर व्हीलचेअर, असा माझा वावर असतो.

जुळे सोलापूर भागात दोनेक वर्षांपूर्वी उभ्या राहिलेल्या एका व्यापारी संकुलात पहिल्या मजल्यावर रक्ततपासणी केंद्र आहे. इमारतीला लिफ्ट आहे, परंतु ती पाच पायऱ्या चढून गेल्यावर सुरू होते आणि पायऱ्यांच्या बाजूला रॅम्प नाही. गेल्या महिन्यात मी खालून फोन केला, तेव्हा केंद्रातील मुलगा सुया-नळ्या घेऊन खाली आला आणि त्याने रस्त्याच्या कडेला, मी स्कूटरवर बसलेली असतानाच, माझे रक्त घेतले. तो अदबीने वागला, त्याच्याविषयी माझे काही म्हणणे नाही. मात्र दंडाला पट्टा बांधून मी भर रस्त्यात बसले होते आणि येणारे-जाणारे थांबून पाहत होते, हे मनातून जात नाही. संकुलाच्या मालकांना विचारले, तर "ताई, आमची पोरं तुम्हाला खुर्चीसकट वर नेतील," असे उत्तर मिळाले.

इमारत खासगी आहे. तरीही महापालिकेकडे तक्रार करता येते का, आणि येत असल्यास ती कोणत्या विभागाकडे करावी?

नवी पेठकर

ताई, झाले ते वाईटच झाले. परंतु तक्रारीच्या फेऱ्या मारण्यापेक्षा रक्ताचा नमुना घरी येऊन नेणारे दुसरे केंद्र पाहावे, असे मला प्रामाणिकपणे वाटते. आपलाच वेळ वाचेल.

पांढरी काठी

नवी पेठकर, आपला हेतू चांगला आहे, पण ताईंनी घरी कसे राहावे हे विचारलेले नाही, इमारतीत कसे जावे हे विचारले आहे. मला दिसत नाही, आणि "घरीच मागवा ना" हा सल्ला मी इतक्यांदा ऐकला आहे, की आता त्यावर रागही येत नाही.

मूळ मुद्दा असा, की दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील सार्वजनिक इमारतीची व्याख्या मालकी कोणाची हे पाहत नाही, वापर कोणाचा हे पाहते. लोक ये-जा करतात अशी खासगी इमारतही तीत येते, आणि व्यापारी व वैद्यकीय वापराचा तेथे स्पष्ट उल्लेख आहे. याच कायद्याच्या कलम ४४ नुसार सुगम्यतेचे, म्हणजे दिव्यांगांना अडथळ्याविना वावरता यावे याचे, नियम न पाळणाऱ्या आराखड्याला बांधकाम परवानगी देता येत नाही, तसेच पूर्णत्वाचा दाखलाही देता येत नाही. हे दोन्ही कागद महापालिकाच देते. तेव्हा "खासगी इमारतीशी आमचा संबंध नाही" असे कोणी म्हणाले, तर त्या इमारतीची परवानगी कोणाच्या सहीची आहे, एवढेच नम्रपणे विचारावे.

निवृत्त अभियंता

मी बांधकामाच्या कामात आयुष्य घालवले आहे, म्हणून माझा सल्ला थोडा वेगळा आहे. तक्रारीआधी नकाशा मिळवा. माहितीच्या अधिकारात, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, त्या इमारतीचा मंजूर नकाशा, बांधकाम परवानगी आणि भोगवटा प्रमाणपत्र यांच्या प्रती महापालिकेच्या जन माहिती अधिकाऱ्यांकडे मागा. उत्तराची मुदत ३० दिवसांची असते. नकाशे देण्यास कोणी हरकत घेतली, तर निदान अभिलेखाची पाहणी करू द्यावी, अशी मागणी त्याच अर्जात करून ठेवा.

नकाशा हाती आल्यावर दोनपैकी एक गोष्ट दिसेल. रॅम्प कागदावर दाखवलेला असेल आणि जागेवर नसेल, तर ते मंजूर नकाशाविरुद्ध झालेले बांधकाम आहे आणि नगररचना अधिनियम, १९६६ खाली मालकास नोटीस काढण्याचा अधिकार महापालिकेस आहे. (रॅम्पच्या जागेवर गाळा काढलेला मी स्वतः पाहिला आहे, त्याचे भाडेही येते.) रॅम्प कागदावरही नसेल, तर मुळात परवानगी कशी दिली, हा प्रश्न मालकाचा राहत नाही, परवानगी देणाऱ्यांचा होतो. आपल्या शहराला लागू असलेल्या राज्याच्या २०२० च्या यूडीसीपीआर या एकत्रित बांधकाम नियमावलीतही अडथळामुक्त प्रवेशाच्या तरतुदी आहेत, तेव्हा अर्जात केवळ केंद्राच्या कायद्यावर विसंबू नका. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुरी प्रकरणात सुगम्यतेच्या मानकांविषयीचा केंद्राचा नियम १५(१) मूळ दिव्यांग हक्क कायद्याशी विसंगत ठरवला आणि बंधनकारक मानके तीन महिन्यांत करण्यास सांगितले. या निकालाचा आडोसा घेऊन "सध्या नियमच नाही" असा युक्तिवाद होऊ शकतो.

एक धोक्याची सूचना. तक्रार गेली, की पायऱ्यांवर लोखंडी पत्रा टाकून छायाचित्र पाठवले जाते. पायरी १५ सेंटिमीटरची धरली, तर पाच पायऱ्यांची उंची ७५ सेंटिमीटर होते, आणि १:१२ या उताराने (उंचीच्या बारा पट लांबी) तेथे ९ मीटर लांबीचा रॅम्प लागतो. दोन मीटरच्या पत्र्यावरून व्हीलचेअर चढणार नाही, उलट मागे कोसळेल. समोर जागा नसेल, तर वळणाचा रॅम्प किंवा लिफ्टचे दार जमिनीच्या पातळीवर उघडणे, असे उपाय आहेत. म्हणून "रॅम्प करावा" असे मोघम लिहू नका. उताराचे प्रमाण लिहा.

पांढरी काठी

अभियंता साहेबांच्या सूचनेत थोडी भर घालतो. तक्रारीचा अर्ज आयुक्तांच्या नावे लिहून प्रत बांधकाम परवाना विभागाला आणि आपल्या झोन कार्यालयाला द्यावी, व आपल्या प्रतीवर आवक क्रमांकासह शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. दखल न घेतल्यास महिन्याच्या पहिल्या सोमवारी होणाऱ्या लोकशाही दिनासाठी (त्या दिवशी अधिकारी नागरिकांच्या तक्रारी ऐकतात) अर्ज करता येतो. तो विहित नमुन्यात १५ दिवस आधी द्यावा लागतो आणि तक्रार वैयक्तिक असावी लागते. "दिव्यांगांची गैरसोय होते" असे लिहिले, की अर्ज सार्वजनिक स्वरूपाचा म्हणून परत येतो. "मला" हा शब्द पहिल्या ओळीत हवा.

त्यानंतरही काही हालचाल नसेल, तर पुण्यातील दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रार करावी. कागदपत्रे मागवणे, साक्षीसाठी बोलावणे यांत त्यांना दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. त्यांची शिफारस गेल्यावर संबंधित प्राधिकरणाने काय केले, हे तीन महिन्यांत कळवावे लागते. कायदाभंगाचा दंड पहिल्या वेळी १० हजार रुपयांपर्यंत आणि पुढे ५० हजारांपासून ५ लाखांपर्यंत आहे. मात्र सार्वजनिक ठिकाणी हेतुपुरस्सर केलेल्या अपमानाचे कलम ९२ अर्जात ओढू नये. त्या मुलाचा तसा हेतू नव्हता, हे आपणच लिहिले आहे, आणि एक कलम फोल ठरले, की बाकीच्यांकडेही संशयाने पाहिले जाते.

हिशेबनीस

सर्वांची आभारी आहे. माहितीच्या अधिकाराचा अर्ज आज लिहिला. तक्रारीची सुरुवात अशी केली आहे : "मी दोन्ही पायांनी दिव्यांग असून, सदर इमारतीतील रक्ततपासणी केंद्रात मला प्रवेश करता आला नाही, त्यामुळे माझे रक्त रस्त्यावर घेण्यात आले. तरी कृपया माझ्यासारख्या असहाय व्यक्तींची सोय करावी, ही नम्र विनंती."

पांढरी काठी

पहिल्या वाक्यात तारीख आणि वेळ घाला, केंद्राची त्या दिवसाची पावती जोडा. दुसरे वाक्य पूर्ण खोडा आणि तेथे कलम ४४ लिहा.