शब्दचर्चा: 'तेशुवा' म्हणजे पश्चात्ताप? आणि मशीहाचं 'आगमन' की 'पुनरागमन'?

कंदील:
यहुदी सणांवरचा एक मोठा लेख मराठीत करते आहे. लेखक ख्रिस्ती आहेत, पण तिश्री महिन्यातले रोश हशाना (नववर्ष, शिंगं फुंकण्याचा दिवस), योम किप्पूर (प्रायश्चित्ताचा दिवस) आणि सुक्कोत (मांडवांचा सण) हे सण त्यांनी यहुदी घरांत जवळून पाहिलेले दिसतात. सगळा लेख दोन शब्दांवर उभा आहे: हिब्रू 'तेशुवा' आणि मशीहाचं, म्हणजे देवाने पाठवायच्या तारणाऱ्याचं, येणं. पहिल्यासाठी 'पश्चात्ताप' आणि दुसऱ्यासाठी 'पुनरागमन' योजून बघितलं. काही ठिकाणी चपखल बसतं, काही ठिकाणी वाक्यच अडतं. उदाहरणार्थ, लेखात म्हटलंय की शेजाऱ्याला बुडवलेले पैसे चुकते करणं हाही तेशुवाचा भाग. 'पैसे चुकते करून त्याने पश्चात्ताप पूर्ण केला' हे मराठी कानाला कसं लागतं? मंडळी, काय सुचतं?

शब्दखुळा:
ताई, वाक्य अडणारच. पश्चात् अधिक ताप, म्हणजे मागाहून होणारा जाळ. तो मनात होतो. माणूस खाटेवर पडूनही भरपूर पश्चात्ताप करू शकतो. 'तेशुवा' ज्या 'शूव' धातूपासून येतो त्याचा अर्थ परत येणं, वळणं. त्यात पायांची हालचाल आहे. रोश हशाना आणि योम किप्पूर यांच्यामधल्या शनिवारला 'शब्बात शूवा' म्हणतात, कारण त्या दिवशी होशेय संदेष्ट्याचं वचन वाचतात आणि ते 'शूवा यिस्राएल' असं सुरू होतं: इस्राएला, परत फिर.

जळण्यासाठी, वाईट वाटण्यासाठी हिब्रूत वेगळा धातू आहे, 'नखम'. दोन्ही एकाच वाक्यात बघायचे असतील तर बायबलमधलं योनाचं पुस्तक उघडा. चारच अध्याय आहेत आणि ते योम किप्पूरला दुपारच्या प्रार्थनेत पूर्ण वाचतात. तिसऱ्या अध्यायाच्या शेवटी निनवेचे लोक वाईट मार्गापासून 'शावू', म्हणजे फिरले. ते पाहून देवाने, जे अरिष्ट आणणार होता त्याबद्दल 'वय्यिन्नाखेम', म्हणजे त्याला वाईट वाटलं, तो कळवळला. आता गंमत बघा: धातूंचा हिशोब काटेकोर लावला तर त्या वाक्यात माणसं परत फिरतात आणि पश्चात्ताप देवाला होतो!

पितळी डबा:
मग 'पश्चात्ताप' आला कुठून? माझ्या मते ग्रीकमधून. 'मेतानोइया' म्हणजे मन पालटणं. मत्तयाच्या शुभवर्तमानात बाप्तिस्मा देणारा योहान तेच म्हणतो आणि मराठी बायबलमध्ये 'पश्चात्ताप करा' असं येतं. तिथून तो शब्द चर्चच्या मराठीत पक्का झाला. 'अनुताप' जास्त जुना आणि संतांच्या तोंडचा, पण तोही शेवटी तापच. प्रेषितांच्या कृत्यांत तिसऱ्या अध्यायात पेत्राच्या भाषणात मात्र दोन्ही क्रियापदं शेजारी शेजारी आहेत: मन पालटा *आणि* वळा. एका शब्दात भागलं असतं तर त्याने दुसरा कशाला वापरला असता?

मलिदा:
मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी यहुद्यांच्या, घरातली, माहेर अलिबागकडचं, आता इस्रायलमध्ये अश्दोदला असते. आमच्या जुन्या मंडळींनी हा प्रश्न वेगळ्याच रीतीने सोडवला होता. त्यांनी सणांची नावं भाषांतरित केलीच नाहीत. ती मराठीत नव्याने ठेवली, कारण हिब्रू नावं बहुतेक विसरलीच गेली होती. 'शेमा' ही मुख्य प्रार्थना तेवढी तोंडपाठ. रोश हशाना म्हणजे 'नव्याचा सण'. योम किप्पूर म्हणजे 'दरफळणीचा सण', दारं लावून घेण्याचा. पांढरे कपडे घालायचे, उपास धरायचा, घराबाहेर पडायचं नाही, बाहेरच्या कुणाचा स्पर्श होऊ द्यायचा नाही. दुसऱ्या दिवशी 'शिळा सण': दानधर्म करायचा आणि नातेवाइकांकडे जायचं. त्याआधीच्या एलूल महिन्यातल्या उपासांना चक्क 'रमजान' म्हणत आणि उपासाला 'रोजा'. हाईम सॅम्युएल केहिमकरांनी 19व्या शतकाच्या अखेरीस आमच्या समाजाचा इतिहास लिहिला, त्यात हे सगळं आहे.

सांगायचा मुद्दा, या नावांत पश्चात्ताप नाही, प्रायश्चित्तही नाही. त्या दिवशी माणूस काय करतो ते आहे. दार लावतो.

शब्दखुळा:
वा, हे झकास! आणि योम किप्पूरच्या शेवटच्या प्रार्थनेचं नाव 'नेइला', म्हणजे दारं बंद होणं. सूर्य मावळताना स्वर्गाची दारं मिटायला लागतात, तेवढ्यात आत शिरा, अशी कल्पना. दरफळणी त्यावरूनच आलं असेल का?

मलिदा:
मोह होतो खरा, पण मला जोडणी घाईची वाटते. प्रार्थना विसरलेल्या लोकांना नेइला आठवत होती आणि बाकी काहीच नाही, हे कसं मानायचं? दरफळणीतलं दार सरळसरळ घराचं आहे. पुढे 1796 मध्ये मुंबईत पहिलं सिनेगॉग (यहुदी प्रार्थनामंदिर) बांधलं, त्याचं नाव मात्र 'शाआर हारहमीम', दयेचं दार. तोवर हिब्रू परत आली होती. आमच्या घरी त्याला 'जुनी मशीद'च म्हणायचे.

उत्तर कोकण:
रमजान आणि रोजा हे शब्द आले म्हणून आठवलं. 'तोबा' विसरलात की काय? अरबी 'तौबा' हा 'तेशुवा'चा भाऊच आहे. हिब्रूत जिथे 'श' येतो तिथे अरामी भाषेत बऱ्याचदा 'त' येतो. 'शूव'चं अरामी रूप 'तूव', आणि अरबीतला तौबा तिकडचाच. मूळ अर्थही तोच, देवाकडे परतणं. म्हणजे मराठीत हा शब्द केव्हाचा येऊन बसलेला आहे.

पितळी डबा:
बसलाय, पण झिजून. 'तोबा तोबा, काय ती गर्दी!' यात देवही नाही आणि परतणंही नाही. लेखात 'योम किप्पूरला यहुदी तोबा करतात' असं छापलं तर वाचक हसेल.

पायरी:
शब्द ठरवण्याआधी तेशुवात काय काय धरतात ते बघू या. मैमोनिदेस हा 12व्या शतकातला यहुदी धर्मपंडित. त्याने याचे नियमच लिहून ठेवलेत. पाप सोडणं, पुन्हा न करण्याचा निश्चय, झाल्याबद्दल खेद आणि तोंडाने कबुली. म्हणजे पश्चात्ताप हा चारातला एक. आणि तेशुवा पुरी झाली हे कधी कळतं? तोच प्रसंग पुन्हा आला, अंगात ताकद आहे, संधी आहे, तरी माणूस ते करत नाही, तेव्हा. म्हातारपणी हातून होईनासं झालं म्हणून सोडलं तर तीही तेशुवा, पण उच्च प्रतीची नव्हे, असंही तो म्हणतो. माणूस मोठा रोखठोक होता.

कंदीलताईंच्या पैशांच्या वाक्याला तर मिश्नाचाच, म्हणजे यहुदी नियमांच्या जुन्या संग्रहाचाच, आधार आहे. देवाविरुद्धच्या पापांचं प्रायश्चित्त योम किप्पूर करतो. शेजाऱ्याविरुद्धच्या पापांचं करत नाही, जोवर शेजाऱ्याची समजूत घातली जात नाही. म्हणून एलूलमध्ये आणि सणांच्या दहा दिवसांत लोक एकमेकांची माफी मागत फिरतात.

माझं मत: 'परत फिरणं' असं क्रियापदच ठेवा. 'माघारी फिरणं' नको, त्याला पराभवाचा वास येतो. नाम हवंच असेल तिथे 'तेशुवा' तसंच ठेवा आणि पहिल्यांदा आलं की अर्थ सांगून टाका.

कंदील:
'परत फिरणं' पटलं. 'किप्पूर'साठी 'प्रायश्चित्त' ठेवते, मराठी बायबलही तेच म्हणतं आणि त्याने कुठे अडत नाही. आता दुसरा शब्द. लेखकाची मांडणी अशी: बायबलमधल्या लेवीय पुस्तकाच्या 23व्या अध्यायातले वसंतातले सण येशूच्या पहिल्या येण्यात पूर्ण झाले. वल्हांडणाला मरण, प्रथमपिकाच्या दिवशी पुनरुत्थान, पन्नासाव्या दिवशी पवित्र आत्मा. शरदातले उरलेत. शिंगं फुंकण्याचा दिवस, प्रायश्चित्ताचा दिवस, मांडवांचा सण. म्हणून ते दुसऱ्या येण्याची वाट दाखवतात. इथे 'पुनरागमन' चालेल ना?

पितळी डबा:
ख्रिस्ती वाक्यात चालेल. पौल थेस्सलनीकेच्या मंडळीला लिहितो तेव्हा प्रभू उतरताना तुतारी वाजते, त्यामुळे शिंगांच्या सणाशी सांधा जुळतो. पण तिथला ग्रीक शब्द 'पारूसिया' आहे. म्हणजे येणं, उपस्थिती. एखादा राजा नगरात येतो तसं. 'पुन्हा' त्या शब्दात नाही. 'दुसऱ्यांदा' हे इब्री लोकांस पत्रात स्पष्ट येतं. शिवाय मराठी माणसाच्या कानात 'पुनरागमनाय च' हा गणपतीच्या उत्तरपूजेतला मंत्र पक्का बसलाय. आमचा पाहुणा दरवर्षी येतो आणि दरवर्षी जातो. मशीहा एकदाच आणि कायमचा यायचा आहे. 'दुसरं येणं' किंवा 'द्वितीयागमन' बरं.

पायरी:
आणि यहुदी वाक्यात 'पुनरागमन' अजिबात नको. त्यांच्या लेखी तो अजून आलेलाच नाही. मैमोनिदेसने मांडलेल्या यहुदी श्रद्धेच्या 13 तत्त्वांतलं 12वं मशीहावर आहे. प्रार्थनापुस्तकात त्याचं जे रूप छापतात त्याचा भाव असा: त्याला उशीर झाला तरी तो येईल म्हणून मी रोज वाट पाहीन. 'येईल', 'परत येईल' नाही. परतायचंय ते माणसांनी. ख्रिस्ती लेखात मशीहा परततो, यहुदी प्रार्थनेत लोक परततात. तुमच्या लेखाचा सगळा ताण इथे आहे, आणि दोन्हीकडे एकच 'पुनरागमन' टाकलंत की तो दिसेनासा होईल.

तालमुदात, म्हणजे रब्बींच्या (धर्मगुरूंच्या) चर्चांच्या ग्रंथात, यावर भांडणच आहे. रब्बी एलिएझेर म्हणतात, इस्राएल परत फिरला तर सुटका, नाहीतर नाही. रब्बी येहोशुआ म्हणतात, फिरला नाही तरी सुटका होणारच. पुढच्याच पानावर दुसरी एक गोष्ट आहे. रब्बी येहोशुआ बेन लेवी एलिया संदेष्ट्याला विचारतात, मशीहा कुठे सापडेल? रोमच्या वेशीवर, रोगी भिकाऱ्यांत. ओळखायचा कसा? बाकीचे सगळ्या जखमांच्या पट्ट्या एकदम सोडतात आणि एकदम बांधतात. तो एक सोडतो, एक बांधतो, बोलावणं आलं तर उशीर व्हायला नको म्हणून. रब्बी जाऊन विचारतात, कधी येणार? 'आज.' तो येत नाही. हे खोटं बोलला म्हणून रब्बी तक्रार करतात, तेव्हा एलिया उलगडा करतो: आज, *जर* तुम्ही त्याची वाणी ऐकाल तर. स्तोत्र 95 मधलं वचन आहे ते.

मलिदा:
एलिया आला म्हणजे आमच्याच घरचा विषय. बेने इस्राएलांचा नवस बोलायचा तो एलियाहू हनावीला, म्हणजे एलिया संदेष्ट्यालाच. नवस फिटला की मलिदा: भिजवलेले पोहे, खोबरं, साखर, सुका मेवा आणि भोवती फळं. अलिबागजवळच्या खंडाळ्यात खडकावर त्याच्या रथाच्या खुणा दाखवतात, तिथूनच तो स्वर्गात गेला म्हणतात. मशीहाच्या आधी एलिया येणार, हे बायबलमधल्या मलाखीच्या पुस्तकाच्या अगदी शेवटी आहे. आल्यावर तो काय करणार? बापांची मनं मुलांकडे 'हेशीव', परत फिरवणार. धातू पुन्हा तोच, शूव! आणि 'माझ्याकडे फिरा, मी तुमच्याकडे फिरेन' हे जखऱ्याच्या पुस्तकात आहे. म्हणजे देवही परततो. इतक्या ठिकाणी एकच क्रियापद असताना प्रत्येक जागी वेगळा संस्कृत शब्द बसवलात तर मराठी वाचकाला हे नातं कळणारच नाही.

कंदील:
मग असं करते. माणूस, देव आणि एलिया, तिघांनाही 'फिरणं-फिरवणं'. ख्रिस्ती परिच्छेदांत 'दुसरं येणं', यहुदी परिच्छेदांत नुसतं 'येणं'. 'पश्चात्ताप' फक्त शुभवर्तमानांच्या अवतरणांत, कारण छापील बायबलचा शब्द मी बदलणार नाही. आणि 'मशीहा'च ठेवते. 'मसीहा' लिहिलं की वर्तमानपत्रातला 'गरिबांचा मसीहा' डोळ्यांपुढे येतो. दरफळणीची माहिती लेखात नाही, पण तळटीप देण्याचा मोह आवरत नाहीये.

शब्दखुळा:
तळटीप द्याच. संपादकाने कापली तर कापू दे.

मलिदा:
जाता जाता एक इकडची वापरातली गंमत. आजच्या हिब्रूत 'तेशुवा'चा रोजचा अर्थ 'उत्तर' असाही आहे, शाळेच्या पेपरातलं उत्तर तेच. धार्मिक झालेल्या माणसाला 'खोझेर बितशुवा' म्हणतात, तेशुवेत परतलेला. आणि ज्याने धर्म सोडला तो 'खोझेर बिश'एला', प्रश्नात परतलेला. आमच्या घरात दोन्ही नमुने आहेत आणि शब्बाथला एकाच टेबलावर जेवतात.